मुलांसाठीची फ्लाय बांधायची पेटी: काय ठेवावं, काय काढावं

लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या फ्लाय बांधायच्या पेट्या निरनिराळ्या नावांनी येतात, पण झाकण उघडलं की आत साधारण एकच संसार निघतो. गळ पकडून ठेवणारा छोटा शेगडा, ज्याला सगळे व्हाइसच म्हणतात. दोऱ्याचं रीळ धरणारा बॉबिन होल्डर, कात्री, पीस धरायचा हॅकल चिमटा, शेवटची गाठ मारायचा व्हिप फिनिशर, दाभण, दोरा ओवायची तार. मग पिशव्याच पिशव्या: रंगीत पिसं, शेनिल नावाचा मऊ केसाळ धागा, चमकी, मणी, बारीक तार, गळ, चिकटवायच्या द्रवाची बाटली. आणि तळाशी एक पुस्तिका.

ज्यांनी फ्लाय कधी पाहिली नसेल त्यांच्यासाठी एवढंच: गळाच्या दांड्यावर दोऱ्याने पीस, लोकर, केसाळ धागा बांधून मासे पकडण्यासाठी केलेला खोटा किडा म्हणजे फ्लाय. त्यात ना गाठींचं जाळं असतं, ना शिवण. सगळं दोऱ्याच्या घट्ट वेढ्यांवर उभं असतं. म्हणून सहा-सात वर्षांच्या मुलालाही ती जमते. आणि म्हणूनच हत्यार वाईट असलं तर अजिबात जमत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. सहा ते दहा वर्षांच्या मुलासाठी या पेटीतलं निम्मं सामान पहिल्या दिवशी बाजूला काढून ठेवावं लागतं, आणि ज्या दोन गोष्टींवाचून अडतं, म्हणजे मोठा गळ आणि डोळ्याला ठळक दिसणारा दोरा, त्याच बहुतेक पेट्यांत नसतात. तरीही पेटी घ्यायला आमची हरकत नाही, पण व्हाइस धड असेल तरच. बाकीचं सगळं बदलता येतं.

व्हाइस

दोन प्रकार मिळतात. एक टेबलाच्या कडेला स्क्रूने आवळायचा, दुसरा तळपायावर उभा राहणारा. मुलांसाठी आवळायचा केव्हाही बरा. मुलांच्या पेट्यांतला तळपायाचा व्हाइस हलका असतो. मुलाने दोरा ताणला की अख्खा व्हाइस पुढे सरकतो किंवा कलंडतो. मग मूल आपोआप हात सैल ठेवायला शिकतं आणि त्याच्या फ्लाय सैलच निघतात. पुढे कितीही सांगा, ती सवय मोडायला फार वेळ जातो. घरात तळपायाचाच असेल तर सुताराच्या क्लॅम्पने तळपाय टेबलाला जखडून टाका.

जबड्याची परीक्षा अशी करावी: ८ नंबरचा गळ जबड्यात धरायचा, दांडा आडवा ठेवायचा आणि गळाच्या नेढ्यावर बोटाने हलकेच खाली दाबायचं. गळ स्प्रिंगसारखा लवून परत वर आला तर व्हाइस चालेल. गळ जबड्यात फिरला तर आधी जबड्याचा स्क्रू नीट बसवून पुन्हा पाहा. तरीही फिरत असेल तर तो व्हाइस परत करा. मऊ धातूच्या जबड्यात पंधरा-वीस गळांनंतर खाच पडते आणि त्यानंतर कितीही आवळलं तरी पकड येत नाही. आपलंच बोट चुकतंय असं मुलाला वाटत राहतं. चूक जबड्याची असते, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मोठी माणसं गळाचा फक्त वळसा जबड्यात धरतात आणि अणी मोकळी ठेवतात, कारण जबड्याच्या दाबाने अणी दुखावते. मुलांसाठी उलटं करा. अणी पूर्ण जबड्याच्या आत जाऊ द्या. अणीला थोडी इजा झाली तरी बोटाला होण्यापेक्षा ती परवडली. जबडा लहान असल्याने अणी बाहेरच राहत असेल तर खोडरबराचा मटाराएवढा तुकडा तिच्यावर टोचून बसवा. त्याने बोटही वाचतं आणि दोराही. दोऱ्याचा मुद्दा पुढे येईलच.

उंचीकडे कुणाचं लक्ष जात नाही. गळ मुलाच्या छातीच्या पातळीला हवा. मोठ्यांच्या टेबलावर तो हनुवटीपाशी येतो, खांदे वर चढतात आणि दहा मिनिटांत मूल कंटाळतं. खरं तर ते कंटाळलेलं नसतं, त्याचे हात भरून आलेले असतात. खुर्चीवर पक्की उशी ठेवा, पायांखाली पाट द्या. व्हाइसच्या मागे पांढरा किंवा फिका हिरवा कागद उभा करा. गळ आणि दोरा एकदम स्वच्छ दिसायला लागतात.

बॉबिन होल्डर आणि दोरा

बॉबिन होल्डर म्हणजे दोन तारेचे पाय, त्यांच्यामध्ये रीळ आणि वर एक बारीक नळी. पेटीतला सगळ्यात जास्त रडवणारा भाग हाच. स्वस्त नळीच्या तोंडाला आत बारीकशी धार राहिलेली असते. दोरा त्यावर घासतो, त्याचे तंतू उसवतात आणि ऐन घट्ट करताना तो तुटतो. कापसाचा बोळा किंवा जुना रेशमी मोजा नळीच्या तोंडावरून फिरवून पाहा. कुठे अडकला तर ती नळी कामाची नाही. सिरॅमिक नळीचा बॉबिन होल्डर वेगळा घ्यावा लागला तरी घ्या. पेटीत कुठे भर घालायचीच असेल तर ती इथे.

दुसरी गोष्ट पायांच्या ताणाची. रीळ बसवून होल्डर गळाखाली लोंबकळत सोडा. तो आपल्या वजनाने खाली उतरता कामा नये, पण चिमटीत धरून ओढल्यावर दोरा सहज सुटायला हवा. नवीन होल्डरचे पाय बहुधा फार घट्ट असतात. रीळ काढून दोन्ही पाय हाताने थोडे बाहेर फाका आणि पुन्हा बसवून पाहा. दोन-तीनदा करावं लागतं. हे काम मूल समोर बसण्याआधी मोठ्यांनी उरकून ठेवायचं.

दोरा. पेटीत हमखास काळा आणि फार बारीक दोरा येतो. काळ्या शेनिलवर काळा दोरा मोठ्यांनाही दिसत नाही, मुलाला कुठून दिसणार? १४० डेनियरचा, त्याहून बरं म्हणजे २१० डेनियरचा दोरा घ्या. रंग लाल, नारिंगी किंवा पांढरा. डेनियर जितकं जास्त तितका दोरा जाड. जाड दोऱ्याने फ्लायचं डोकं जरा ढब्बू होतं. होऊ दे, माशाला त्याचं काही नसतं. जेल-स्पन नावाचा फार मजबूत दोरा मिळतो. तो तुटणार नाही म्हणून मुलांना द्यावासा वाटतो, पण देऊ नका. तो दांड्यावरून घसरतो आणि बोट कापतो.

दोरा तुटला की मूल दचकतं आणि पुढे घाबरत-घाबरत बांधतं. यावर एक साधा इलाज आहे. पहिली फ्लाय सुरू करण्याआधी रिकाम्या गळावर दोरा गुंडाळू द्या आणि त्यालाच सांगा, आता ओढ आणि तोड. तीनदा तोडू द्या. किती ओढलं की तुटतो हे बोटांना कळलं की मूल त्याच्या जरा अलीकडे थांबायला शिकतं. एवढ्या ताणानेच फ्लाय टिकते.

आता खोडरबराचा मुद्दा. मुलांचा दोरा बहुतेक वेळा जोराने ओढल्यामुळे तुटत नाही. गुंडाळताना तो खालच्या बाजूला गळाच्या अणीला घासतो, एक-दोन तंतू कापले जातात आणि चार वेढ्यांनंतर दोरा तुटतो. तोवर अणी मुलाच्या लक्षातही नसते. दोऱ्याचं तुटलेलं टोक भिंगाखाली पाहा. सगळे तंतू एकाच ठिकाणी ताणून तुटलेले असतील तर जोर जास्त झाला. टोक पिंजारलेलं आणि तंतू कमी-जास्त लांबीचे असतील तर अणी किंवा नळी दोषी.

कात्री, चिमटा आणि बाकीची हत्यारं

पेटीतली कात्री टोकाला कापत नाही, चावते. शाळेची बोथट टोकाची कात्री सुरक्षित खरी, पण तिचं टोक गळाच्या जवळ पोहोचत नाही. सात वर्षांखालच्या मुलासाठी दांड्यालगतचं कापणं मोठ्यांनी करावं. त्यापुढच्या वयाला लहान, टोकदार, धारेची कात्री द्या आणि एकच नियम शिकवा: कापायचं ते टोक एका हाताने ताणून धरायचं, दोरा ज्या बाजूला लोंबतोय तिथे कात्री न्यायचीच नाही. ताणलेल्या दोऱ्याला कात्रीचं टोक नुसतं टेकलं तरी तो तुटतो आणि फ्लाय डोळ्यांदेखत उसवायला लागते.

तसं झालंच तर हॅकल चिमटा कामाला येतो. तो खरं तर पीस धरून गुंडाळण्यासाठी दिलेला असतो, पण मुलांच्या हातात तो पिसाचं टोक तोडतो. लांब पीस बोटांनीच गुंडाळावं. चिमट्याचा खरा उपयोग तुटलेल्या दोऱ्याचं टोक पकडण्याचा. दोरा तुटला की लगेच त्या टोकाला चिमटा अडकवून लोंबकळत सोडायचा. त्याच्या वजनाने ताण राहतो आणि काही उसवत नाही. मग बॉबिनमधला दोरा त्यावरच नव्याने सुरू करायचा, सहा वेढे घ्यायचे, चिमटा काढायचा, जुनं टोक कापायचं. हे एकदा करून दाखवलं की दोरा तुटण्याची भीती निम्म्याने कमी होते.

व्हिप फिनिशर नऊ वर्षांखाली नको. हत्यार वाईट नाही, पण दोरा दोन आकड्यांत अडकवून, मनगट उलटं फिरवून, ताण न सोडता पाच वेढे घेणं म्हणजे एकाच वेळी चार गोष्टी सांभाळणं. त्याऐवजी बॉलपेनची रिकामी नळी वापरा, रिफिल काढलेली, पुढचं तोंड उघडं असलेली. दोरा नळीच्या टोकाभोवती दोनदा गुंडाळायचा, नळीचं तोंड गळाच्या नेढ्यावर टेकवायचं आणि वेढे नळीवरून घसरवत फ्लायच्या डोक्यावर आणून ओढायचे. ही हाफ हिच गाठ. अशा तीन मारल्या की मुलाच्या फ्लायला पुरे.

दाभण ठेवा. नेढ्यात साचलेला चिकट द्रव त्यानेच निघतो. दोरा ओवायची तारही ठेवा. ती सारखी हरवते.

पिशव्यांतला माल

गळ. पेटीत १२ ते १६ नंबरचे येतात, कधी त्याहूनही लहान. गळाचा नंबर जितका मोठा तितका गळ लहान, हे उलटं गणित पालकांना ठाऊक नसतं आणि १६ नंबर म्हणजे मोठा असेल असं समजून तोच मुलाला दिला जातो. मुलांसाठी ६ किंवा ८ नंबर, लांब दांड्याचा, ज्याच्यावर २एक्स किंवा ३एक्स लाँग असं लिहिलेलं असतं. एक पाकीट वेगळं घ्यावंच लागतं, त्याला इलाज नाही.

गळ मुलाच्या हातात जाण्याआधी त्याचा उलटा काटा चपट्या पकडीने दाबून बसवून टाका. डोळ्यांवर चष्मा घालूनच, कारण काही गळ ठिसूळ असतात आणि टोक उडतं. काटा नीट बसला का हे सुती कापडात गळ टोचून पाहिल्यावर कळतं: सरळ बाहेर आला तर बसला, सूत ओढलं गेलं तर पुन्हा दाबा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला सरावासाठी द्यायचा गळ तर अणीच छाटून द्यावा.

पिसांची मिसळ पिशवी बघायला छान आणि वापरायला निम्मी निरुपयोगी. देठाकडचा कापूस सोडला की हातात काही उरत नाही. मराबूची पिसं असतील तर ती जपून ठेवा, दुसऱ्या फ्लायला लागतात. ही मऊ, फुलोऱ्यासारखी पिसं पूर्वी मराबू करकोच्याची असायची, आता टर्कीची असतात. चमकी थोडी ठेवा. मणी आणि तार मात्र बाजूला काढा, आणि तार शिशाची असेल तर घराबाहेरच काढा. काही पेट्यांत अजून शिशाची तार येते. मुलं ती दाताने तोडतात. वजन द्यायचंच असेल तर शिसेविरहित तार किंवा टंगस्टनचा मणी, तोही मूल चार-पाच फ्लाय बांधून झाल्यावर.

चिकट द्रवाच्या बाटलीचं झाकण उघडून वास घ्या. नाकाला झोंबला तर त्यात उडून जाणारं द्रावक आहे, ते बंद खोलीत मुलांपुढे नको. नेलपॉलिशलाही हेच लागू. पाण्यावर आधारित हेड सिमेंट, म्हणजे फ्लायच्या डोक्यावर लावायचा चिकट द्रव, मिळतं, सुकायला वेळ घेतं पण निर्धोक आहे. दिव्याने सुकणारं यूव्ही रेझिन अलीकडे काही पेट्यांत दिसतं. ते मुलांसाठी अजिबात नाही. कच्चं रेझिन कातडीला लागून ॲलर्जी होऊ शकते आणि त्या दिव्याकडे मुलं हटकून रोखून बघतात.

शेनिल हा या पेटीतला हिरा. मधे सुताचा गाभा आणि भोवती मऊ केस, असा जाडसर धागा. हिरवा, काळा, तपकिरी, कुठलाही चालतो. शेनिल संपलं तर विणायची लोकर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. मेसिडोनियातले कोळी गळाभोवती लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची दोन पिसं बांधत, असं सुमारे १८०० वर्षांपूर्वीच्या वर्णनात आहे.

पहिली फ्लाय: शेनिलची अळी

पुस्तिका मुलाला देऊ नका. तिच्यातली पहिलीच फ्लाय पाच-सहा वस्तूंची असते, फोटो वरून काढलेले असतात आणि दोरा कुठून कुठे गेला हे दिसत नाही. त्याऐवजी ही अळी. सामान तीनच: ८ नंबरचा लांब दांड्याचा गळ, लाल दोरा, दहा सेंटिमीटर शेनिल. पाणी वाहतं असो की थांबलेलं, छोट्या माशांना अळी ओळखीची असते, म्हणून ही फ्लाय नुसती सरावाची राहत नाही, चालतेही.

गळ व्हाइसमध्ये बसवण्याआधी एक काम. नेढ्याच्या मागे तीन मिलिमीटर जागा सोडून दांड्यावर पक्क्या शाईच्या पेनाने खूण करा. मुलाला सांगा, ही लक्ष्मणरेषा, शेवटच्या गाठीपर्यंत हिच्या पुढे कुणी जायचं नाही. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक हीच असते की शेनिल गुंडाळत-गुंडाळत थेट नेढ्यावर येतं, डोकं बांधायला जागा उरत नाही आणि नेढं बुजून जातं. मग त्यात मासेमारीचा दोरा ओवता येत नाही. खूण असली की सांगायची वेळच येत नाही.

दोरा सुरू करताना डाव्या हातात दोऱ्याचं मोकळं टोक, उजव्या हातात बॉबिन, दोरा खुणेच्या मागे दांड्यावर आडवा टेकवलेला. बॉबिन वरून पलीकडे, खालून आपल्याकडे. दिशा नेहमी हीच: वरून जाताना आपल्यापासून दूर. पहिले पाच-सहा वेढे मोकळ्या टोकावरूनच जायला हवेत, म्हणजे दोरा स्वतःलाच दाबून धरतो. नळीचं तोंड आणि गळ यांच्यात दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त दोरा नको. मुलं पंधरा सेंटिमीटर सोडतात आणि हात मोठमोठ्या गोलात फिरवतात. वेढा मग कुठे पडेल याचा नेम राहत नाही. मोकळं टोक कापून, दांडा पूर्ण झाकत गळाच्या वळशापर्यंत जायचं. हा पाया वगळला तर पुढे सगळी अळी दांड्यावर गोल फिरते.

आता शेनिल. टोकाचे केस अर्धा सेंटिमीटरभर नखाने खरवडून काढायचे. आतला सुताचा गाभा उघडा पडतो. तोच बांधायचा. केसांसकट बांधलं तर शेपटीशी गाठोडं होतं आणि ते निसटतं. हे खरवडणं मुलांना फार आवडतं, जितका वेळ लागेल तितका लागू द्या. गाभा वळशाच्या वर दांड्यावर ठेवून पाच घट्ट वेढे. मग दोरा एकटाच पुढे खुणेपर्यंत आणायचा आणि बॉबिन लोंबकळत सोडायचा.

शेनिल गुंडाळायचं ते एकाला एक लागून. दोन वेढ्यांमध्ये दोरा दिसला तर एक मागे यायचं, एकावर एक चढलं तरी मागे यायचं. ८ नंबरच्या दांड्यावर मध्यम जाडीच्या शेनिलचे सात ते नऊ वेढे बसतात. मुलाला ते मोजायला लावा, मोजताना हात आपोआप सावकाश चालतो. खुणेपाशी आलं की शेनिल डाव्या हाताने वर ताणून धरायचं आणि दोऱ्याचे चार घट्ट वेढे त्यावरून घ्यायचे. इथे डाव्या हाताने सोडलं की सगळी अळी उलगडते. घाबरायचं कारण नाही, परत गुंडाळायची. उरलेलं शेनिल कापून, लक्ष्मणरेषेच्या पुढच्या मोकळ्या दांड्यावर दोऱ्याचे सहा-सात वेढे घेऊन छोटं डोकं करायचं, पेनच्या नळीने तीन हाफ हिच मारायच्या, दोरा कापायचा आणि दाभणाच्या टोकावर सिमेंटचा एक थेंब घेऊन डोक्यावर लावायचा. नेढ्यात गेला तर लगेच दाभण आरपार घालून साफ करायचा. सुकल्यावर तो निघत नाही.

सहा-सात वर्षांच्या मुलाला यासाठी पंचवीस ते तीस मिनिटं लागतात. त्याच बैठकीत दुसरीही हीच बांधायला लावा, वेगळी नको. दुसरी जवळजवळ निम्म्या वेळात होते आणि आपला हात बसतोय हे मुलाला स्वतःला दिसतं. वेगवेगळ्या दहा फ्लाय दाखवणाऱ्या पुस्तिकांना हीच गोष्ट कळलेली नसते.

दुसरी: शेपटीवाली

तीन-चार अळ्या सुबक झाल्या की तिला मराबूची शेपटी लावायची. शेपटीची लांबी दांड्याएवढी. मराबूचा झुबका बोटांच्या चिमटीत मावेल इतकाच. मुलं याच्या तिप्पट घेतात, मग बांधलेल्या जागी गाठोडं होतं आणि पाण्यात शेपटी हलत नाही. पीस हवेने उडत राहतं, म्हणून बोट पाण्यात बुडवून झुबका ओला करायचा. तो एकदम काडीसारखा होतो आणि मापायलाही सोपा.

शेपटी बांधताना दोरा झुबक्याला आपल्याबरोबर पलीकडे ओढून नेतो आणि शेपटी दांड्याच्या कुशीला जाते. कारण सरळ आहे, वेढा वरून पलीकडे जातो आणि घर्षणाने पीसही त्याच्यामागे जातं. म्हणून झुबका मुद्दाम थोडा आपल्या बाजूला धरायचा. दोरा त्याला ढकलत बरोबर वर आणून बसवतो. पहिला वेढा सैल ठेवून, झुबका अंगठा आणि तर्जनीत दाबून धरत दोरा त्या दोन बोटांच्या मधून वर न्यायचा, पलीकडे उतरवायचा आणि मगच खाली ओढायचा. बोटं सोडायची घाई नको. दुसरा-तिसरा वेढाही तसाच.

ही फ्लाय वूली बगरच्या घराण्यातली. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या रसेल ब्लेसिंग यांनी बांधलेली ती फ्लाय आज जगभर चालते. तिच्यात याशिवाय अंगभर गुंडाळलेलं कोंबड्याचं पीस असतं. ते पीस नऊ-दहा वर्षांच्या मुलाला द्या, आणि तेही त्याच्या तंतूंची लांबी गळाच्या तोंडाच्या, म्हणजे अणी आणि दांडा यांच्यातल्या अंतराच्या, दीडपट भरेल असं निवडून. त्याआधी नको.

शिकवणाऱ्याने कुठे बसावं

मुलाच्या शेजारी. समोर बसलं की त्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं आणि ते वेढे उलट्या दिशेने घ्यायला लागतं. डावखुऱ्या मुलाच्या बाबतीत हाच आरसा उपयोगी पडतो. उजव्या हाताने बांधणाऱ्याने त्याच्या समोर बसावं, व्हाइस उलट दिशेला फिरवून द्यावा आणि मुलाने दिसेल तसंच करावं. पेट्यांमध्ये डावखुऱ्यांबद्दल अक्षर नसतं, त्यांच्यासाठी वेगळी कात्रीही नसते. ती आधीच आणून ठेवा. एका मोठ्या माणसाला दोन मुलं, तिसरं नको, आणि प्रत्येकाला आपला व्हाइस. एकाच व्हाइसवर पाळीपाळीने बांधणारी मुलं वाट बघताना पिसांच्या पिशव्या उपसतात.

गळ मोजून काढायचे, मोजून परत ठेवायचे. लोहचुंबक चिकटवलेली बशी असली की ते टेबलाखाली जात नाहीत. गालिच्यावर बसून हे काम करू नये. बांधणाऱ्यालाही आणि बघणाऱ्यालाही चष्मा, साधा असला तरी. घरात रांगतं मूल असेल तर मणी उंचावर.

पिसं बंद झिपच्या पिशवीत ठेवा. कसर लागल्याचा संशय आला तर ती पिशवी काही दिवस फ्रीझरमध्ये टाका. रस्त्यात सापडलेली पिसं मुलं हमखास आणतात, पण रानपक्ष्यांची पिसं बाळगणंही अनेक देशांत कायद्याने मना आहे. तेव्हा कोंबडी, टर्की, बदक एवढ्यावरच भागवा.

तयार झालेली फ्लाय वाळली की तीन गोष्टी तपासायच्या. नेढ्यातून दोरा आरपार जातो का. अंग चिमटीत धरून पिळलं तर दांड्यावर फिरतं का. शेपटी ओढली तर हातात येते का. मग पाण्याच्या काचेच्या वाटीत सोडायची. काडीसारखी चिकटलेली मराबू पाण्यात उलगडते आणि वाटी हलवली की लाटेसारखी हलायला लागते. ती हलत नसेल तर झुबका जास्त झाला आहे. फिरणारी किंवा सुटणारी फ्लाय टाकून द्यायची गरज नाही. मोठ्यांनी धारदार पात्याने दांड्याच्या वरच्या बाजूने दोरा उभा चिरला की सगळं एका कातडीसारखं निघून येतं आणि गळ पुन्हा वापरता येतो. खूण मात्र पुन्हा करून घ्या, पात्याबरोबर तीही पुसली जाते.